हेडफोनची केबल घरी कशी बनवावी: पिनेवर टिकाऊ टाका, गोव्याच्या हवेसाठी

हेडफोनच्या आतला पडदा सहसा खराब होत नाही. खराब होते ती केबल, आणि तीही बहुतेक वेळा दोनच जागी: पिनेच्या मानेपाशी, नाहीतर कानाच्या वाटीत शिरते तिथे. एका बाजूचा आवाज येतो-जातो, पिन जरा फिरवली की परत येतो, आणि काही दिवसांनी चांगला हेडफोन कपाटात जाऊन पडतो. खरे तर नवी पिन आणि दीड मीटर वायर एवढ्यावर तो पुन्हा उभा राहतो. गोव्यात घराघरांत हार्मोनियम, कीबोर्ड, भजनाचे आणि नाटकाच्या तालमींचे रेकॉर्डिंग चालू असते. अशा प्रत्येक घरात एकाला तरी हे काम यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

टाका म्हणजे सोल्डर (कथलाचा लवकर वितळणारा मिश्रधातू) वितळवून केलेला जोड. तो बसायला दोन सेकंद लागतात. तो टिकणार की नाही, हे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सफाईवर ठरते. कोरड्या हवेच्या गावात थोडी हयगय खपून जाते. इथे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि किनाऱ्यालगतच्या गावांत वर्षभर खार. उघडे तांबे आधी काळपट आणि मग हिरवे पडते, टाक्यावर राहिलेला फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर धरायला लावणारा पदार्थ) ओल धरतो आणि बाहेरून ठीक दिसणारा जोड आतून कुरतडला जातो. म्हणून पुढच्या पद्धतीत सफाईला टाक्याइतकीच जागा दिली आहे.

आधी ठरवा: कोणती पिन, किती तारा

साध्या स्टिरिओ पिनेवर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यांनी तिचे तीन भाग होतात. टोक म्हणजे डावा कान, मधली कडी म्हणजे उजवा, मागचा लांब भाग म्हणजे दोघांचे ग्राउंड, म्हणजेच परतीची सामायिक वाट. मोबाइल-लॅपटॉपची ३.५ मिमीची पिन असो की कीबोर्ड-मिक्सरची ६.३५ मिमीची जाड पिन, क्रम हाच. तीन रेघा असतील तर भाग चार होतात. ती माइकवाली पिन. हल्लीच्या बहुतेक फोनांसाठी तिचा क्रम असा: टोक डावा, पहिली कडी उजवा, दुसरी कडी ग्राउंड, मागचा भाग माइक. काही जुन्या फोनांत शेवटचे दोन उलटे असत. माइक नको असेल तर त्या भानगडीत पडू नका. तीन भागांची पिन चार भागांच्या सॉकेटमध्येही नीट चालते.

अलीकडे छोट्या अँप्लिफायरवर बॅलन्स्ड सॉकेट दिसते, म्हणजे प्रत्येक कानाला धन आणि ऋण अशा स्वतंत्र दोन तारा देणारे. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड पिनेत टोकाकडून क्रम असतो डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण आणि शेवटी ग्राउंड. २.५ मिमीच्या बॅलन्स्ड पिनेत टोक उजवा ऋण, मग उजवा धन, मग डावा धन आणि मागे डावा ऋण. यातला एक नियम कधी मोडू नका: बॅलन्स्ड पिनेवर डाव्या-उजव्याच्या ऋण तारा एकत्र जोडायच्या नाहीत. त्या जोडल्या की अँप्लिफायरचे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. साध्या तीन भागांच्या पिनेवर मात्र त्याच दोन तारा एकत्र ग्राउंडला जातात. पहिली केबल साध्या पिनेचीच करा.

वायर शक्यतो चार तारांची घ्या, म्हणजे दोन्ही कानांची ऋण तार पिनेपर्यंत स्वतंत्र येते. एकच ग्राउंड लांबवर वाटून घेतला की डाव्याचा आवाज किंचित उजव्यात झिरपतो. तारेची जाडी ०.१४ चौरस मिमीच्या आसपास पुरते. अशा तारेची दीड मीटरची जाती-येती मिळून रोधकता सुमारे ०.४ ओहम भरते. ३२ ओहमच्या हेडफोनसमोर ती नगण्य आहे. चांदीच्या तारेने आवाज उजळतो असे सांगणारे भेटतील. मला त्यात पैसे घालण्यासारखे काही दिसत नाही. तेच पैसे चांगल्या पिनेत घाला, कारण पिन रोज घातली-काढली जाते आणि तिचा मुलामा घामाशी नि खाऱ्या हवेशी झुंजतो. सोन्याचा मुलामा असलेली, धातूच्या टोपणाची आणि आत वायर पकडायला पंजा असलेली पिन निवडा. न्यूट्रिकच्या रिअन मालिकेतल्या किंवा स्विचक्राफ्टच्या पिना यासाठी नावाजलेल्या आहेत.

मायक्रोफोनची चार तारांची केबलही चालते. कॅनेरेची एल-४ई६एस किंवा मोगामीची २८९३ सारखी केबल वर्षानुवर्षे टिकते. पण पहिली ६ मिमी जाड आहे आणि ३.५ मिमीच्या बऱ्याच पिनांच्या टोपणात एवढी जाड केबल शिरत नाही. पिन आणि वायर एकत्रच विकत घ्या आणि दुकानातच टोपणातून वायर घालून बघा.

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत साधी पिन, सोल्डर आणि श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) मिळते. खास पिना मिळाल्या नाहीत तर ऑनलाइन मागवाव्यात. कोणी मुंबईला जात असेल तर लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. तिथे पिन हातात घेऊन, टोपण उघडून पाहता येते.

सामान

सोल्डर वितळवायचा आयर्न २५ वॅटचा साधा असला तरी काम होते. तापमान ठरवता येणारे स्टेशन असेल तर ३४० ते ३६० अंश सेल्सियसवर ठेवा. बिट, म्हणजे आयर्नचे तापणारे टोक, सुईसारखा टोकदार घेऊ नका. सुईच्या टोकातून उष्णता पुरेशी उतरत नाही, मग माणूस जास्त वेळ टेकवून ठेवतो आणि पिनेतले प्लास्टिक वितळते. दोन-अडीच मिमी रुंदीचा, छिन्नीसारखा चपटा बिट सगळ्यात बरा.

सोल्डर ०.८ मिमीचे, आत राळेचा फ्लक्स असलेले, ६०/४० किंवा ६३/३७ प्रमाणाचे घ्या. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. ६३/३७ चे वैशिष्ट्य असे की ते १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम गोठते. मध्ये लिबलिबीत अवस्था नसते, त्यामुळे हात जरा हलला तरी टाका बिघडण्याचा धोका कमी. बिनशिशाचे सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळते आणि त्याचा चांगला टाकाही थोडा मळकट दिसतो. शिकताना पहिले बरे. मात्र शिसे विषारी आहे. काम चालू असताना खाणे-पिणे नको, नंतर हात साबणाने धुवायचे आणि लहान मुलांना त्या टेबलापाशी येऊ द्यायचे नाही.

याशिवाय लागेल वायर सोलायची पक्कड किंवा धारदार ब्लेड, बारीक नाकाची पक्कड, दोन-तीन मापांची श्रिंक ट्यूब, बझर असलेला (दोन टोके जोडलेली असली की वाजणारा) मल्टिमीटर, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. एक गोष्ट बाजारात मिळत नाही, घरी करावी लागते: लाकडाचा ठोकळा घ्या आणि त्यात ३.५ मिमीच्या ड्रिलने भोक पाडा. पिन त्यात उभी खोचली की दोन्ही हात मोकळे राहतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे निकामी एक्स्टेन्शन केबलचे सॉकेट. पिन सॉकेटमध्ये घालून टाका मारला तर सॉकेटच्या पट्ट्या थोडी उष्णता ओढून घेतात आणि आतले प्लास्टिक मऊ पडले तरी पिनेच्या कड्या सरळ रेषेत राहतात.

पंखा बंद ठेवा, वाऱ्याने टाका अर्धवट थंड होतो. पण खिडकी उघडी हवी, राळेचा धूर नाकाडोळ्यांना झोंबतो. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून काम करत असाल तर वाऱ्याकडे पाठ करा. चष्मा लावा. चटका बसलाच तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा.

वायर सोलणे आणि तांबे पाहणे

वायर हव्या त्या लांबीहून चार-पाच सेंटीमीटर जास्त कापा. मोबाइलसाठी सव्वा मीटर, टेबलावरच्या कीबोर्डसाठी दोन-तीन मीटर. मग काहीही सोलण्याआधी पिनेचे टोपण आणि श्रिंक ट्यूबचा तुकडा वायरवर सरकवून ठेवा. टोपणाचे आटे पिनेच्या बाजूला यायला हवेत. टाके मारून झाल्यावर टोपण घालायला वाट नसते.

आता उघडी पिन वायरशेजारी धरून किती सोलायचे ते पाहा. साधारणपणे बाहेरचे आवरण १० ते १२ मिमी आणि आतल्या तारांचे २ ते ३ मिमी. पण पिनेपिनेत फरक असतो, म्हणून माप पिनेवरूनच घ्या. वायरचे आवरण पंजापर्यंत पोचलेच पाहिजे. ते आधी संपले तर पंजा बारीक तारांना चावतो आणि महिन्याभरात एक तार तुटते.

सोललेले तांबे उजेडात नीट बघा. ते लालसर आणि चकचकीत हवे. काळपट किंवा हिरवट दिसले तर आणखी दोन सेंटीमीटर कापून पुन्हा सोला आणि स्वच्छ तांबे दिसेपर्यंत मागे जा. खारी, ओली हवा कापलेल्या टोकातून आवरणाच्या आत शिरते, त्यामुळे बरेच दिवस पडलेल्या रिळाची टोके नेहमी संशयास्पद समजा. काळ्या तांब्याला सोल्डर चिकटत नाही. जोर लावून चिकटवले तरी ते वरवरचे असते. आणि आज सोललेली वायर आजच जोडा, पावसाळ्यात तर नक्कीच.

जुन्या हेडफोनची मूळ वायर वापरणार असाल तर आणखी एक पायरी आहे. तिच्या आत केसासारख्या रंगीत तारा निघतात, सोबत धाग्यांचा गुच्छ असतो. तो रंग म्हणजे प्रत्येक तारेवरचा लाखेसारखा लेप, आणि तो वीज अडवतो. लेप न काढता मारलेला टाका दिसतो छान, पण आवाज येत नाही. लेप काढण्यासाठी बिटावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या, तारांचे टोक त्यात बुडवून धरा आणि सावकाश पुढे-मागे करा. लेप जळून धूर निघतो आणि दोन-चार सेकंदांत टोक रुपेरी होते. तापमान ठरवता येत असेल तर एवढ्यापुरते ३८० ते ४०० अंशांवर न्या. तरीही लेप निघाला नाही तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलके घासा. धागे मात्र आधी वेगळे करा, नायलॉनचे असतील तर वितळून टाक्यात मिसळतात. ते कापून टाकण्याऐवजी पंजाभोवती गुंडाळून गाठ मारा, म्हणजे ओढ तारांवर न येता धाग्यांवर येते. या तारांत सहसा लाल म्हणजे उजवा, हिरवी किंवा निळी डावा आणि तांब्याच्या रंगाची ग्राउंड. पण रंगावर विसंबू नका, मल्टिमीटरवर विसंबा.

दोन्ही बाजूंना कल्हई

तारेच्या टोकाला आणि पिनेच्या मागे तार जोडायची जी पट्टी असते तिला, दोघांना वेगवेगळे आधी सोल्डर चढवून घ्यायचे. कल्हईवाला भांडे आधी तापवतो, नवसागराने धातू स्वच्छ करतो आणि मगच कथील फिरवतो, तसेच हे काम आहे. इथे नवसागराच्या जागी राळ असते, जी सोल्डरच्या पोटातच भरलेली असते. प्रत्यक्ष नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स इथे कधीही वापरू नका. भांडे नंतर धुतले जाते, पिनेच्या आत राहिलेले आम्ल मात्र ओल्या हवेत तांबे खात राहते. डबीतला फ्लक्स घेताना त्यावर झिंक क्लोराइड लिहिलेले नाही ना, हे वाचून घ्या.

बिट आधी स्वच्छ करा. पितळी तारेचा घास किंवा ओला स्पंज, काहीही चालेल. बिटावर सोल्डरचा पातळ थर चढवा, तो चमकायला हवा. मग तारा पिळून एकत्र करा, खालून बिट टेकवा, क्षणभर थांबा आणि वरून तारेला सोल्डर लावा. ते आपोआप आत ओढले गेले पाहिजे. तारांचा आकार वरून ओळखू येत असेल तर प्रमाण बरोबर. गोळा झाला तर जास्त झाले, कापून पुन्हा करा. चार तारांच्या वायरीत दोन्ही ऋण तारा आत्ताच एकत्र पिळून त्यांना एकच कल्हई करा.

पिनेच्या पट्ट्यांना कल्हई करण्याआधी कोणती पट्टी कोणाची हे मल्टिमीटरने ठरवा. बझर लावा, एक टोक पिनेच्या अग्राला, दुसरे एकेका पट्टीला. बहुतेक पिनांत पंजाची लांब पट्टी ग्राउंडची असते आणि दोन आखूड पट्ट्या डाव्या-उजव्याच्या. पण या आखूड दोनांतली कोणती टोकाची आणि कोणती कडीची, हे एका बनावटीचे दुसऱ्याला लागू पडत नाही. मार्करने खूण करून ठेवा. मग प्रत्येक पट्टीवर इवलासा थेंब चढवा आणि दोन पट्ट्यांमध्ये दहा सेकंद जाऊ द्या, म्हणजे प्लास्टिकला निवायला वेळ मिळतो. काही पिनांच्या पट्ट्यांवर असा मुलामा असतो की सोल्डर घरंगळते. अशा वेळी ब्लेडच्या टोकाने टाक्याची जागा जराशी खरवडा.

टाका

इथपर्यंतचे काम नीट झाले असेल तर आता करायचे फार थोडे उरते. पिन ठोकळ्यात किंवा सॉकेटमध्ये पक्की बसवा. आधी आखूड, आतल्या पट्ट्या घ्या. ग्राउंड शेवटी, कारण ती पट्टी मोठी असते, जास्त उष्णता पिते आणि आधी केली तर आतल्या जागेकडे जाणारी वाट अडवते.

तार पट्टीवर आडवी ठेवा. बिटावर ताज्या सोल्डरचा कणभर थेंब घ्या, त्यामुळे उष्णता लवकर उतरते आणि थोडा ताजा फ्लक्सही मिळतो. बिट असा टेका की तो पट्टीला आणि तारेला एकदमच लागेल. एक-दोन सेकंदांत दोन्हीकडचे सोल्डर एकत्र वाहू लागते. ते वाहिलेले दिसले की बिट उचला, तार मात्र तशीच धरून ठेवा. थांबा. गोठताना तार हलली तर टाका दाणेदार, मळकट दिसतो आणि तो कच्चा असतो. अशा टाक्यावर वरून आणखी सोल्डर चढवून उपयोग नाही, पुन्हा तापवून नीट वाहू द्यावा लागतो. चांगला टाका कडेला पट्टीवर पसरत गेलेला, आत किंचित खोलगट आणि चमकदार असतो. मण्यासारखा गोल बसलेला टाका म्हणजे सोल्डर धातूवर नुसते टेकलेले आहे, धरलेले नाही.

तीन सेकंदांत जमले नाही तर आयर्न बाजूला घ्या, पिन निवू द्या, बिट पुसा आणि पुन्हा या. नवशिक्यांची पिन बहुतेक वेळा इथेच जाते. टाका बसत नाही म्हणून ते बिट दाबून धरतात, आतले प्लास्टिक वितळते आणि टोक सैल होते. टोक बोटाने फिरते का ते नंतर पाहा. फिरत असेल तर ती पिन टाकून द्या. ती कधीतरी सॉकेटमध्ये अडकून टोक आतच सोडेल.

पंजा बंद करताना पक्कड हलकी धरा. पंजाने वायरचे बाहेरचे आवरण कवटाळायचे, चिरडायचे नाही. वायर पंजापेक्षा बारीक असेल तर आधी तिच्यावर श्रिंक ट्यूबचा एक-दोन थर चढवून जाड करा.

धुणे

ही पायरी गाळू नये म्हणून तिला वेगळा मथळा दिला आहे. टाक्याभोवती पिवळसर, चिकट राळ राहते. टूथब्रशवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन ती सगळी काढा, पिनेचे तोंड खाली धरून, म्हणजे मळ वाहून जाईल. हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर यासाठी चालत नाही, त्यात पाणी असते आणि बऱ्याचदा ग्लिसरिनही. आयर्न गरम असताना अल्कोहोलची बाटली उघडायची नाही, ते पटकन पेट घेते. धुतल्यावर पावसाळ्यात निदान अर्धा तास वाळू द्या किंवा हेअर ड्रायरने कोमट हवा मारा.

खिडक्यांच्या फटी बुजवायचे सिलिकॉन इथे घरोघर असते आणि पिनेतही तेच भरावे असा मोह होतो. ते वापरायचे नाही. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरचा वास येतो, त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि बंद टोपणात ते तांब्यावरच बसते. आधार हवाच असेल तर गरम करून लावायचा ग्लू वापरा, तोही सगळी तपासणी झाल्यावर.

तपासणी

टोपण लावण्याआधी आणि कोणत्याही यंत्रात घालण्याआधी मल्टिमीटर. केबल दोन्ही टोकांना मोकळी असताना टोक-कडी, टोक-ग्राउंड आणि कडी-ग्राउंड या तिन्ही जोड्यांवर बझर वाजता कामा नये. वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बारीक तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या पट्टीला लागलेला असतो. मग प्रत्येक तार पिनेपासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा आणि बझर वाजत असताना वायर मानेपाशी चारही बाजूंनी वाकवा. आवाज तुटला तर टाका कच्चा.

हेडफोन जोडून ओहमवर मोजा. ३२ ओहमचा हेडफोन असेल तर टोक-ग्राउंड आणि कडी-ग्राउंड दोन्हीकडे साधारण तेवढाच आकडा येतो आणि टोक-कडी दुप्पट. मोजताना त्या त्या कानात बारीक खरखर ऐकू येते, त्यामुळे डावा-उजवा इथेच कळतो. दोन बाजूंत एक-दोन ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर जास्त दाखवणाऱ्या बाजूचा टाका पुन्हा पाहा.

आता कानाने. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेले एखादे ध्वनिमुद्रण लावा. केरीच्या केसरबाई केरकरांचे चालेल. त्या तबकड्या मोनो होत्या, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत तोच आवाज येतो आणि गळा डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहायला हवा. तो मध्यभागी नसून डोक्याभोवती पसरल्यासारखा, पोकळ वाटला तर एका कानाची धन-ऋण तार उलटी झाली आहे. गाणे जवळजवळ गायबच झाले आणि स्टिरिओ गाण्यात गायक मागे पडून वाद्येच तेवढी ऐकू आली, तर ग्राउंडचा टाका सुटलेला आहे. ग्राउंड नसला की दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक पोचतो आणि मोनोमध्ये तो शून्य असतो. नव्याने शिकणारे या लक्षणाने फार गोंधळतात आणि हेडफोनच बिघडला असे समजतात.

उलट्या तारेची खातरजमा करायला चवथीची घुमट आरती हे उत्तम साधन आहे. घुमटाचा (मातीच्या तालवाद्याचा) खोल ठोका दोन्ही कानांत एकदम दाबासारखा जाणवायला हवा. एक बाजू उलटी असेल तर शामेळ (दुसरे तालवाद्य) आणि कांसाळे (झांज) ऐकू येतात, घुमटाचा भरीवपणा मात्र नाहीसा होतो. डावा-उजवा तपासायला फोनवर एक स्टिरिओ चाचणी फाइल ठेवा, जिच्यात एका बाजूला ‘डावा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘उजवा’ असे शब्द आहेत.

सगळे ठीक असेल तर श्रिंक ट्यूब जागेवर आणा आणि हेअर ड्रायरने किंवा लायटरच्या ज्योतीपासून जरा दूर धरून आवळा. टोपण फिरवताना वायर पिळली जाऊ देऊ नका, फिरवायचे ते टोपण. मानेवर श्रिंक ट्यूबचे दोन थर द्या, आतला लांब आणि बाहेरचा आखूड, म्हणजे वायर एकाच बिंदूत न मोडता कमानीत वाकते.

कानाकडची बाजू

हेडफोनला सुटी केबल असेल तर दुसऱ्या टोकालाही पिन लागते. एकेजीच्या के२४० आणि के७०२ सारख्या हेडफोनांना मिनी एक्सएलआर नावाचा तीन टोकांचा गोल जोड असतो: १ ग्राउंड, २ डावा, ३ उजवा. एका बाजूने केबल जाणाऱ्या हेडफोनांसाठी हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, त्याच्या टाक्याच्या वाट्या मोठ्या असतात आणि खटक्याने बसतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सला २.५ मिमीची पिन लागते, पण ती फिरवून बसणारी असते. साधी २.५ मिमीची पिन आत जाते आणि सुटते.

कानात घालायच्या छोट्या इअरफोनांना दोन टोकांची ०.७८ मिमीची पिन किंवा एमएमसीएक्स नावाचा खटक्याने बसणारा छोटा गोल जोड असतो. एमएमसीएक्समध्ये मधली सुई धन आणि बाहेरची कडी ऋण. ०.७८ मध्ये कोणते टोक धन हे मूळ केबलवरून मल्टिमीटरने पाहून कागदावर लिहून ठेवा. या पिना इतक्या लहान आहेत की टाका एका सेकंदात झाला नाही तर प्लास्टिक जाते. जुन्या पिनेवर आधी सराव करा. घाम सगळ्यात जास्त इथे लागतो, म्हणून टाका धुतल्यावर या जागी ग्लू घालून वाट बंद करणे योग्य.

केबल कायमची जोडलेली असेल तर कानाची वाटी उघडावी लागते. उघडल्यावर आधी फोटो काढा, कोणता रंग कुठे आहे तो. आतल्या पडद्याकडे जाणाऱ्या तारा केसासारख्या असतात, त्या ओढू नका. नवी केबल आत आली की तिला सैलशी गाठ मारा किंवा प्लास्टिकचा टाय लावा, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी ती टाक्यापर्यंत पोचत नाही.

आवरताना

आयर्न बंद करण्याआधी बिटावर सोल्डरचा जाडसर थेंब चढवून तसाच निवू द्या. उघडा बिट इथल्या हवेत काही आठवड्यांत काळा पडतो आणि मग सोल्डर धरत नाही. उरलेल्या वायरच्या दोन्ही टोकांवर श्रिंक ट्यूब चढवून ती गरम असतानाच पकडीने दाबून तोंड बंद करा. पिना, सोल्डर आणि बिट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या पावसाळा सुरू होण्याआधी बदला आणि बनवलेल्या केबलींची बझर चाचणी पावसाळ्यानंतर एकदा परत करा. काही सुटले असेल तर तेव्हाच सापडते.